शाफ्ट वाकतोय? आधी बुडवण्याची पद्धत बघा

ईएन २४ या मिश्र पोलादाचा लांब शाफ्ट हार्डनिंगला, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक करताना, पाण्यात टाकू नका, तडा जाईल. ८४० अंशांवरून तेलातच घ्या, पण तेल गार नको. ५०–७० अंशांवर ते पातळ असतं, सगळीकडे सारखं फिरतं. जॉब उभा टांगून सरळ खाली सोडा. आडवा टाकलात तर खालची बाजू आधी आकसते आणि बाक येतोच. हलवायचा तो वर-खाली. एकाच अंगावर तेलाचा मारा नको. एका बाजूला की-वे (चावी बसवायची खाच) असेल तर थोडा बाक धरूनच चाला, नंतर ग्राइंडिंगमध्ये घासून काढायला जादा मटेरियल ठेवा. आणि दर वेळी तेलाला काय दोष देता? रफ टर्निंगनंतर (लेथवरच्या पहिल्या ढोबळ कातकामानंतर) स्ट्रेस रिलीव्ह, म्हणजे तापवून सावकाश निववून आतले ताण काढणं, केलं नसेल, तर शाफ्ट भट्टीतच वाकतो. हाताला सोसेल इतका निवला की लगेच टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा कमी तापमानाला तापवणं.