पावसाळ्यात फ्युरा-2 भरताना

जूनमध्ये रत्नागिरीच्या हवेतच पाणी असतं. फ्युरा-2 एएमची, म्हणजे पेशीतलं कॅल्शियम दाखवणाऱ्या चमकत्या डायची, कुपी फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नकोस, आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. नाहीतर डाय ज्यात विरघळवलेला असतो तो डीएमएसओ ओल ओढून घेतो, डायला पेशीत नेणारा एस्टर (एएम) तुटतो आणि डाय लाळग्रंथीच्या पेशीत शिरतच नाही. 2 ते 5 मायक्रोमोलर, 30 मिनिटं पुरे. 37 अंशांवर भरलास तर तो आतल्या कप्प्यांत अडकतो.

मग कार्बाकोल. आगळ नुसतं दिसलं तरी तोंडाला पाणी सुटतं ना, ते करणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनचा हा टिकाऊ भाऊ. 0.3 मायक्रोमोलरने सुरुवात कर, कॅल्शियमच्या लाटा दिसतील. एकदम 10 दिलंस तर एकच शिखर, मग पठार. पठार बाहेरच्या कॅल्शियमवर टिकतं. कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या ईजीटीएवाल्या कॅल्शियमविरहित द्रावणातही ते खाली आलं नाही, तर आधी द्रावण सोडायच्या नळीत जुनं द्रावण उरलंय का बघ.