स्क्रीनवरचा पाना आणि चेंबरातलं ऑइल

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाड्यांवर लिहिलं तेव्हापासून येणाऱ्या पत्रांचा रोख एकच आहे. सर्व्हिसची आठवण म्हणून स्क्रीनवर पान्याचं चित्र उमटतं, त्याचं ऐकायचं की नाही? घरच्या सॉकेटवर चार्ज होणाऱ्या, म्हणजे प्लग-इन हायब्रिड गाड्या आपल्या पट्ट्यात अजून मोजक्याच. पण ज्यांच्या दारात उभ्या आहेत, त्यांनी विचारलेलं नेमकं आहे.

प्रश्न (देवगड) : वर्षात गाडी नऊ हजार किलोमीटर झाली. घर, बाग, जामसंड्याचा बाजार, सगळं विजेवर. इंजिन सहा-सातशे किलोमीटर चाललं असेल, तेही चढावर दोन-चार मिनिटं असं तुकड्यातुकड्यांनी. तरी बारा महिने झाले म्हणून ऑइल बदला, असं गाडी सांगते. हा सर्व्हिस सेंटरचा धंदा नव्हे का?

पहिली प्लग-इन हाताखाली आली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मग तिचं ऑइल काढून बघितलं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरते. इंजिन नीट तापून ऑइल शंभर अंशांच्या आसपास गेलं, की ही वाफ पुन्हा उडते आणि ब्रीदरच्या नळीतून जळायला इंजिनातच ओढली जाते. तुमचं इंजिन तेवढं तापतच नाही. चढ आला, चालू झालं, चढ संपला, बंद. पाणी खालीच राहतं. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये ओघळतं. दोन्ही मिळून आम्ल तयार होतं, आणि ते मारायला ऑइलमध्ये घातलेली रसायनं बसल्या जागी संपत जातात. म्हणून तुकड्यातुकड्यांचे सातशे किलोमीटर ऑइलला सलग सात हजारांपेक्षा जड जाऊ शकतात. कंपन्या 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते' म्हणतात ते यासाठी. तुमच्या बाबतीत महिने आधी आले, एवढंच.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. अमेरिकेत 2010 च्या अखेरीस आलेली शेव्हरोले व्होल्ट घ्या. इंजिन दीड महिना चाललंच नाही, तर पुढच्या वेळी गाडी सुरू केल्यावर ती इंजिन काही मिनिटं फिरवून घेई. टाकीतलं पेट्रोल वर्षभर जुनं झालं की जाळून टाकी. ऑइलचं आयुष्य शिल्लक दिसलं तरी दोन वर्षांनी बदला, असंही तिच्या पुस्तकात होतं.

खात्री हवी असेल तर सकाळी थंड इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा फेस दिसेल. झाकणापुरताच असेल तर घाबरू नका, ते वाफेचं पाणी. डिपस्टिकला, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीलाही, तसाच रंग आला तर मात्र गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणातल्या कितीतरी गाड्यांच्या डिपस्टिक तशाच निघाल्या होत्या, आणि 'बघू या चालते का' म्हणून स्टार्टर मारलेल्यांनी इंजिनं घालवली.

तेव्हा ऑइल बदला. आणि महिन्यातून एकदा इंजिनही चालवणारा हायब्रिड मोड लावून, इंजिन नीट तापेल असं, पार नांदगाव तिठ्यापर्यंत जाऊन या. विजेचे पैसे वाचवण्याच्या नादात हा एक फेरा चुकवू नका.

प्रश्न (कणकवली) : स्क्रीनवर ऑइल 60 टक्के शिल्लक दाखवतं. डिपस्टिकवर मात्र पातळी वरच्या खुणेच्या वर गेलीय. कोणीही टॉप-अप केलेलं नाही.

डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा आला तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. 60 टक्के विसरा आणि ऑइल याच आठवड्यात बदला. ती टक्केवारी म्हणजे चेंबरात कोणी डोकावून केलेलं मोजमाप नसतं. इंजिनाचे फेरे, तापमान आणि दिवस यांवरून मांडलेला तो हिशेब असतो. उद्या ऑइल गळून निम्मं झालं, तरी टक्के तेच राहतील. बदलल्यावर पातळी पुन्हा चढायला लागली, तर इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तपासून घ्या.

प्रश्न (सावंतवाडी) : आंबोलीला नेहमी जाणं होतं. घाटात बॅटरी संपली की इंजिन एकदम ओरडत सुरू होतं. चालेल का?

चालतं, पण इंजिनाला ते आवडत नाही. थंड ऑइल जाड असतं, ते वरपर्यंत पोचायच्या आत तुम्ही त्याच्याकडून घाट चढवून घेता. दाणोली यायच्या आधीच, सपाटीवर असताना हायब्रिड मोड लावा. घाट लागेपर्यंत इंजिन तापलेलं असेल, आणि ऑइलमधलं पाणी उडायचं कामही त्याच फेरीत होईल.

प्रश्न (चिपळूण) : दहा हजाराला टायर रोटेशनचा, म्हणजे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायचा, रिमाइंडर आलाय. टायर तर नवेच दिसतात. गणपतीनंतर केलं तर चालेल?

नको. मेअखेर, पाऊस लागायच्या आधी करा.

तुमच्या पत्रावरून गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी दिसते. तिच्या पुढच्या टायरांवर तिहेरी भार आहे. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर गाडीचा वेग खेचून चार्जिंग करते तेही त्यांच्याच जिवावर. त्यात बॅटरीचं वजन, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण. मागचे टायर नुसते मागून येतात. लांबून चारही नवे दिसतात. नाणं किंवा डेप्थ गेज खाचेत घालून मोजा म्हणजे फरक कळेल.

हा फरक मिलिमीटरभर असतानाच टायर फिरवायचे असतात. पुढचे पार झिजवून मग मागे टाकले, तर पावसात वळणावर गाडीची शेपटी सुटते. पुढची चाकं घसरली तर निदान स्टिअरिंगला कळतं, मागची घसरली की सावरायला वेळच मिळत नाही. कुंभार्ली घाट उतरताना तर नकोच. म्हणून फरक फार पडला असेल तर रोटेशनचं नाव काढू नका. दोन नवे टायर घ्या आणि ते मागे बसवा. खाचांच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरवर असतात. नक्षी तिथवर आली की टायर संपला. आपल्या पावसात मी तिथवर थांबत नाही, तीन मिलिमीटरला बदलतो.

फिरवताना पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. टायरच्या बाजूला बाण असेल तर तिरकं नाही, त्याच बाजूला पुढे-मागे. पुढचे-मागचे साइझ वेगळे असतील तर फिरवायचे नाहीत. बारीक स्टेपनी यात धरू नका.

किनाऱ्यावर रोटेशनचा आणखी एक फायदा आहे, जो पुस्तकात लिहीत नाहीत. खाऱ्या हवेत अलॉय व्हील हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, गंजून चिकटतं. दोन वर्षं चाक काढलंच नाही आणि पंक्चर झालं, की रस्त्यात लाथा घालूनही ते सुटत नाही. चाक काढलंत की हब तारेच्या ब्रशने घासून घ्या आणि ब्रेक डिस्क बघा. अशा गाडीत बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, त्यामुळे डिस्क वापराविना गंजतात, मागच्या तर जास्तच. नट तिरके-तिरके आवळायचे, शेवटी ठरावीक जोर लावणाऱ्या टॉर्क रेंचने. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघून घ्या.

प्रश्न (वेंगुर्ला) : टायर फिरवल्यापासून स्क्रीनवर पुढचं डावं चाक कमी हवेचं दाखवतंय. तीनदा हवा भरली.

मागच्या डाव्यात भरा. सेन्सर चाकाबरोबर मागे गेला, गाडीला ते कोणी सांगितलं नाही. काही गाड्या थोडं अंतर चालल्यावर स्वतःच ओळखतात, काहींना मेनूतून किंवा स्कॅनरने शिकवावं लागतं. तोवर पुढच्यातली जादा हवा काढून टाका.

प्रश्न (दापोली) : लेकीकडे अमेरिकेत चार महिने राहून आलो. तिच्या टोयोटा प्रायस प्राइमवर पाच हजार मैलांना सूचना आली. जावई म्हणाले, आत्ता फक्त टायर फिरवायचे, ऑइल नाही. मग दहा हजारांना तीच सूचना कशी?

जावईबापू बरोबर आहेत. त्या गाडीला तिथल्या वेळापत्रकात पाच हजार मैल किंवा सहा महिने झाले की टायर, आणि दहा हजार मैल किंवा बारा महिने झाले की ऑइल. सूचना एकच, काम कुठलं ते आपण पुस्तकात बघायचं. पाच हजार मैल म्हणजे आपले आठ हजार किलोमीटर. मात्र ते आकडे इथल्या गाडीला लावू नका.

प्रश्न (मालवण) : माझी स्ट्राँग हायब्रिड आहे, प्लग नाही. हेच सगळं लागू?

टायरचं सगळं लागू. ऑइलचं कमी, कारण बॅटरी भरायला तुमचं इंजिन सारखं चालू-बंद होत तापतं. फक्त गावातल्या गावात, भरड नाका ते बंदर एवढंच चालवत असाल तर वरचं देवगडचं उत्तर वाचा.

प्रश्न (रत्नागिरी) : टायरवाल्याने रोटेशन करून रिमाइंडर घालवून दिला. आता ऑइलचा येईल ना?

रिसेट करताना त्याने नेमकं काय दाबलं यावर ते आहे. कित्येक गाड्यांत एकाच बटणाने सगळी मोजणी शून्यावर जाते, आणि काम झालं की नाही हे बघायला गाडीला डोळे नाहीत. हे माझ्याच हातून झालंय. गिऱ्हाइकाच्या गाडीचे टायर फिरवले, सवयीने रिसेट मारला, ऑइल राहून गेलं. पुढच्या सर्व्हिसला चेंबरचा नट सोडला तर डांबर बाहेर आलं. ते ऑइल आणि फिल्टर मी माझ्या पदरचं घातलं. तेव्हापासून ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पांढरी टेप लावतो आणि मार्करने दोन ओळी लिहितो. वरच्या ओळीत ऑइलची तारीख नि किलोमीटर, खालच्या ओळीत टायरची. तुम्ही शेवटचं ऑइल बदलल्याचं बिल शोधा आणि ती टेप आजच लावा.