सातवीच्या गणिताचे व्हिडिओ मोबाइलवर काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. अक्षर पुसट दिसतं आणि फाइल फार जड होते. काय करू?

आधी फळा सोडा. खडूचं अक्षर पाच इंची स्क्रीनवर वाचता येत नाही. टेबलावर ए-फोर कागद आडवा ठेवा. शेजारी पुस्तकांची चळत रचून मोबाइलची कॅमेऱ्याकडची बाजू कडेबाहेर काढा आणि वर एक जाड पुस्तक ठेवा. कागदापासून ३० सेंमी उंची पुरते. बॉलपेन नको, रेघ बारीक येते. काळं स्केचपेन घ्या. अंक १२ मिमी उंच काढा, पानावर सहा-सातच ओळी.

उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या अंकावर पडते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसतात, म्हणून दिवसाच काढा. स्क्रीनवर दिसणाऱ्या कागदावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. हे राहिलं की हात आत येताच कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि दोन-तीन सेकंद सगळं धूसर होतं. एरोप्लेन मोड लावा. मोबाइल आडवा करून, स्क्रीन तोंडासमोर येईल असा धरून रेकॉर्डिंग सुरू करा, मग चळतीवर ठेवा. सपाट ठेवून सुरू केलं तर बऱ्याचदा व्हिडिओ उभा निघतो.

आता वजन. १०८० पिक्सेलचं रेकॉर्डिंग मिनिटाला शंभराहून जास्त एमबी खातं. संगणकावर हँडब्रेक हे व्हिडिओची फाइल लहान करणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या: ४८० पिक्सेल, सेकंदाला १५ फ्रेम, व्हिडिओ २४० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आवाज मोनो ६४ केबीपीएस. मिनिटाला सव्वादोन एमबी, म्हणजे सात मिनिटांचा धडा १६ एमबीत बसतो. स्थिर कागदाला एवढं पुष्कळ. सतत हलणारा चेहरा दाखवायचा मोह झाला तर मात्र हे गणित कोसळतं. व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत (कोडेक) एच २६५ निवडू नका, जुन्या फोनवर चालेलच असं नाही. एच २६४ ठेवा.

पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून टाकला की व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा दाबतं आणि पहिला बळी दशांशचिन्हाचा जातो.

आवाजासाठी वायरचा इअरफोन लावा, माइक तोंडापासून वीतभर. एका व्हिडिओत एकच उदाहरण घ्या आणि उत्तर लिहिण्याआधी "इथे थांबवा, वहीत सोडवा" असं स्पष्ट सांगा. नुसतं बघणाऱ्या मुलाला वाटतं, आपल्याला आलं. वहीत पेन टेकवल्यावरच कळतं कुठे अडतंय ते.