सुकुमा विकी : चिरलेली पाने पाण्यात भिजवू नका

तुम्ही लिहिले आहे की नैरोबीत येऊन तीन महिने झाले, तरी घरची सुकुमा विकी, म्हणजे येथली रोजची पालेभाजी, दर वेळी काळपट आणि पाणचट होते, तिला उकडलेल्या कोबीचा वास येतो, आणि कोपऱ्यावरच्या खाणावळीत मात्र तीच भाजी हिरवीगार मिळते. माझे पहिले वर्ष अगदी असेच गेले, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी मूळची येथली नाही आणि प्रत्येक घराची पद्धत निराळी असते. पुढचे सारे माझ्या स्वयंपाकघरापुरते खरे आहे असे समजावे.

तुमच्या मजकुरातले एक वाक्य वाचून मी थांबले : ‘मामा म्बोगाकडून (भाजीवालीकडून) बारीक चिरून आणते आणि घरी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते.’ माझी चूक नेमकी हीच होती. आम्ही येथे आलो तेव्हा एका कार्यालयाने नवागतांसाठी माहितीपत्रक दिले होते. त्यात प्रत्येक पालेभाजी अर्धा तास पाण्यात बुडवून मग वीस मिनिटे उकळावी, असे लिहिले होते. पाने अख्खी असावीत की चिरलेली, कोणती भाजी किती वेळ शिजते, याविषयी एक शब्दही नव्हता. मी विचारायला गेले तेव्हा ‘पत्रकात आहे तसे करा’ एवढेच उत्तर मिळाले. परक्या देशात आलेल्या माणसाला आजाराची भीती घालायची आणि स्थानिक स्वयंपाक जाणणाऱ्या एकाही बाईला विचारायचे नाही, याचा मला आजही राग येतो, कारण त्या पत्रकामुळे वर्षभर ही भाजीच वाईट असते असे आमच्या घरात सर्वांचे मत झाले होते.

चिरलेल्या पानाच्या प्रत्येक कडेतून रस आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरते. शिवाय त्या बारीक पट्ट्यांमध्ये एवढे पाणी अडकून राहते की कढईत पडताच भाजी परतली न जाता उकळू लागते. ते पाणी आटेपर्यंत वेळ जातो, आणि ही भाजी कोबीच्याच कुळातली असल्यामुळे जास्त शिजली की गंधकाचा तो उग्र वास सुटतो. स्वच्छता हवीच, पण ती चिरण्याआधी. म्हणून जुडी अख्खी आणावी, एकेक पान दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, झटकून कापडावर पसरावे आणि मग चिरावे. मामा म्बोगाचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सफाईदार असतो हे खरे, पण ती चिरते ते न धुतलेले पान, आणि माझ्या मते सगळा घोळ तेथेच सुरू होतो.

चिरताना मधली जाड शीर काढून चार-पाच पाने एकावर एक ठेवावीत, अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करावी आणि कोबीच्या पचडीसाठी चिरतो तितके बारीक चिरावे. चौघांसाठी अर्धा किलो पाने, एक मोठा कांदा, दोन टोमॅटो आणि दोन मोठे चमचे तेल पुरते. कांदा मऊ झाल्यावर टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परतावे; टोमॅटोचे पाणी आटलेच पाहिजे. मग आच मोठी करून पाने घालावीत, चार-पाच मिनिटे सतत परतावीत आणि मीठ अगदी शेवटी घालावे. झाकण ठेवू नये. आम्ल आणि उष्णता यांमुळे पानांच्या हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते व रंग शेवाळी होतो. उघड्या कढईत पानांतली काही आम्ले वाफेबरोबर निघून जातात, झाकणाखाली ती परत भाजीतच उतरतात.

फोडणी, हळद, गोडा मसाला यांचा मोह निदान पहिल्या काही वेळा टाळावा, असे माझे ठाम मत आहे. ‘सुकुमा विकी’ म्हणजे ‘आठवडा पुढे ढकलणे’. थोड्या पैशांत आठवडा निभावून नेणारी ही भाजी उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खायची असते आणि तिची चव पानाचीच असावी. येथे ‘स्पिनाच’ म्हणून मिळते ती बहुधा आपली पालक नसून स्विस चार्ड ही बीटच्या जातीची पालेभाजी असते, तिला पाणी फार सुटते. दोन्ही एकत्र करायच्या असतील तर ती अगदी शेवटी घालावी. घरात कोणी वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे, कारण या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असते.

सुट्टीत गावी गेल्यावर ही भाजी करायची असेल तर नवलकोलाची कोवळी पाने वापरावीत. ती याच जातीची आहेत आणि पुष्कळदा भाजीवाले ती तोडून टाकून देतात, म्हणून आधी सांगून ठेवावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती भाजी आमच्याकडे सर्वांना आवडते.