पहिली रोड बाइक : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

व्यायामासाठी पहिलीच रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावरची हलकी, वाकड्या हँडलची सायकल, घ्यायची आहे आणि खर्च आवाक्यात ठेवायचा आहे, अशा वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वय ४३, वजन ९२ किलो. शाळा सुटल्यानंतर सायकलला हात लावलेला नाही. सारख्याच किमतीच्या दोन सायकली पाहून ठेवल्या आहेत. पहिली १०.१ किलोची, पुढे पेडलजवळ ५२ आणि ४२ दातांच्या चेनरिंग (दातेरी चकत्या), मागे १४ ते २८ दातांचे सात गिअर. दुसरी ११.२ किलोची, पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते ३२ दातांचे आठ गिअर. हलकी असल्यामुळे पहिली घ्यावीशी वाटते. बरोबर आहे का?

दुसरी घ्या. तुम्ही आणि सायकल मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं. त्यात १.१ किलोने चढावर साधारण एक टक्का फरक पडेल, सपाटीवर तेवढाही नाही. गिअरचा फरक मात्र पहिल्याच चढाला पायात जाणवेल.

हिशोब करून बघा. पहिल्या सायकलीचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे ४२, मागे २८. पेडलच्या एका फेरीत चाक दीड वेळा फिरतं आणि सायकल सुमारे ३.२ मीटर पुढे जाते. दुसरीत पुढे ३४, मागे ३२, म्हणजे एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर. पेडल मिनिटाला ७० फेऱ्या फिरवलं, तर पहिलीचा वेग ताशी साडेतेरा किलोमीटर होतो आणि दुसरीचा साडेनऊ. दमदार चढावर नवख्या माणसाचा वेग नऊ-दहाच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे पहिल्या सायकलीवर पेडल मिनिटाला पन्नास फेऱ्यांवर येणार आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर ताण पडणार. व्यायामासाठी सायकल चालवताना आधी दम लागायला हवा. गुडघे आधी दुखायला लागले तर गिअर चुकला असं समजा.

दुसरा मुद्दा मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा. सात गिअरच्या स्वस्त सायकलीत मागे बहुधा फ्रीव्हील असतं. दातांचा सगळा गठ्ठा हबवर आट्यांनी पिळून बसवलेला असतो आणि उजवीकडचे छर्रे त्याच्या आतल्या बाजूला राहतात. तिथून फ्रेमपर्यंत एक्सलला (चाकाच्या मधल्या दांड्याला) आधारच नसतो. वजनदार स्वार खड्ड्यातून गेला की एक्सल तिथेच वाकतो, कधी तुटतो. कॅसेट म्हणजे हबवर सरकवून बसवलेला दात्यांचा गठ्ठा; तिच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग फ्रेमच्या जवळ असतं, म्हणून तो जास्त टिकतो. ओळखायचं असं : मागचं चाक काढा, दाते उलटे फिरवा आणि मधे जिथे पाना बसतो त्या खाचा बघा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. आकडा आठ आहे म्हणून कॅसेटच असेल असं धरून चालू नका, तपासाच.

शिमानो कंपनीच्या गिअरमध्ये क्लॅरिस आठचा, सोरा नऊचा आणि टियाग्रा दहाचा संच आहे. सुरुवातीला क्लॅरिस पुरतो. आठ गिअरची चेन आणि कॅसेट बदलायला स्वस्त पडते. गिअर बदलण्याचा लिव्हर ब्रेकच्या लिव्हरमध्येच असावा. तो स्टेमवर (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यावर) असेल तर दर वेळी हँडलवरचा एक हात सोडावा लागतो. गर्दीत आणि उतारावर ते धोक्याचं आहे.

आणि तुमच्या वजनाला चाकात २८ ते ३२ स्पोक असू द्या. नवीन चाकाचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत बसतात आणि थोडे सैल होतात, तेव्हा एकदा ताण तपासून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या.

प्रश्न : उंची १६५ सेंटिमीटर. दुकानदार ५४ नंबरची फ्रेम सवलतीत देतोय. "सीट खाली घेतली की झालं," म्हणतो. घेऊ का?

नको. सीट खाली घेतल्याने उंची जमते, लांबी जमत नाही. मोठ्या फ्रेमवर हात ताणून बसावं लागतं, आणि तासाभरात मान, खांदे, कंबर भरून येतात. पुढे सायकल कोपऱ्यात पडून राहते, कारण तिच्यावर बसायचा कंटाळा येतो.

नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एकीचा ५२ म्हणजे दुसरीचा ५० असू शकतो. म्हणून फ्रेमच्या तक्त्यातले स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तिथून) हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि आडवं अंतर म्हणजे रीच. दोन सायकलींची तुलना करताना स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली निवडा. तिच्यावर पाठ कमी वाकते. तक्त्यात 'एन्ड्युरन्स' प्रकारच्या फ्रेम अशाच असतात. थोडीच लांब वाटली तर १०० मिलिमीटरच्या स्टेमऐवजी ८० चा लावता येतो. एवढ्याने भागत नसेल तर फ्रेमच चुकीची आहे.

सीटची उंची घरी काढता येते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा. जाडसर पुस्तकाचा कणा मांड्यांमध्ये वर घट्ट दाबा आणि कण्यापासून जमिनीपर्यंत मोजा. आलेल्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. माप ७६ आलं, तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत, ६७ सेंटिमीटर. मग पडताळा घ्या : पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा, आणि कंबर डावी-उजवीकडे कलायला नको.

प्रश्न : डिस्क ब्रेक हवेतच का?

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क बजेटमध्ये बसत असतील तर उत्तम, विशेषतः पावसात चालवणार असाल तर. पण अगदी स्वस्तातले केबलचे डिस्क आणि चांगले रिम ब्रेक (चाकाच्या कड्याला दाबणारे) यांत निवडायचं असेल तर आम्ही रिम ब्रेक घेऊ. केबलच्या बऱ्याच डिस्कमध्ये एकाच बाजूचा पॅड सरकतो. दुसरा झिजला की हाताने आत घ्यावा लागतो, आणि ते कुणी सांगत नाही. मग लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ओढला तरी सायकल थांबत नाही. रिम ब्रेकची अडचण टायरची : फ्रेममध्ये २८ मिलिमीटरचं टायर मावतं ना, हे आधी विचारा. २५ च्या खाली जाऊ नका.

टायरमधली हवाही महत्त्वाची. ७५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही चांगली सुरुवात आहे. पंक्चर झालेल्या ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली तर खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती, आणि खड्ड्यात ट्यूब रिम व टायरच्या मधे चिमटली.

प्रश्न : त्याच पैशांत वापरलेली, वरच्या दर्जाची सायकल मिळतेय. काय तपासावं?

आधी फ्रेम. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा असेल तर सायकल समोरून धडकलेली आहे, सोडून द्या. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बनचा असेल तर पुढचं चाक काढून त्याचे दोन्ही पाय उजेडात नीट बघा; तडा दिसला तर किंमत कितीही उतरली तरी नको. सीटपोस्ट (सीटचा दांडा) वर-खाली होतो का, हे करून पाहा. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हललेला सीटपोस्ट असा जाम होतो की काढताना फ्रेमचंच नुकसान होतं.

मग चेन. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. नवीन चेन बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०६.४ च्या आसपास भरली तर चेन बदलायला आली. ३०८ असेल तर कॅसेटही झिजलेली धरा आणि दोन्हींचा खर्च किमतीतून वळता करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक झाली तर हेडसेट (तिथल्या बेअरिंगचा संच) सैल आहे. तो घट्ट करता येतो. रिम ब्रेकच्या सायकलीत रिमच्या कडेला बोट लावा. ती आत खोलगट लागली तर चाकाचं आयुष्य संपत आलंय.

क्रँकखाली कोरलेल्या नंबराचा फोटो घ्या आणि मूळ पावती मागा. पावती नाही आणि नंबर खरवडलेला, असं असेल तर व्यवहार करू नका.

प्रश्न : सायकल घेऊन दोन आठवडे झाले. तळहात बधिर होतात आणि उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे. एका वेळी ५ मिलिमीटर वर घ्या, दोन-तीन फेऱ्या करा, मगच पुढचा बदल करा. उलट गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट जास्त वर आहे. सोबत हलके गिअर वापरा.

तळहात बधिर होण्याचं कारण बऱ्याचदा सीटच्या टोकाला असतं : ते खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करा, कोपर किंचित वाकवून ठेवा, दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला. तरीही मुंग्या थांबल्या नाहीत तर स्टेम आखूड करा. स्टेमच्या पुढच्या प्लेटचे बोल्ट आवळताना चारही समान, आलटून पालटून घ्या; त्यावर कोरलेला आकडा, बहुधा ५ न्यूटन मीटर, ओलांडू नका. पॅडची शॉर्ट वापरत असाल तर आत दुसरं काही घालू नका. शिवणीच कातडी सोलवटते.

प्रश्न : आठवड्यात किती चालवावी?

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सुरुवात तीन दिवस, दर वेळी ३० मिनिटं. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता यावीत, पण गाणं म्हणता येऊ नये. पेडल मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. त्रास होत नसेल तर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवा. चढ आणि वेग महिन्याभरानंतर. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा चालवताना छातीत दडपण आलं, चक्कर आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बजेट ठरवताना सायकलीच्या किमतीत पंधरा-वीस टक्के वेगळे काढा : हेल्मेट, दाब दाखवणारा उभा पंप, दोन सुट्या ट्यूब, टायर लिव्हर, ॲलन कीचा संच, पुढचा-मागचा दिवा. ट्यूब घेताना व्हॉल्व्हची लांबी बघून घ्या. खोल रिममधून आखूड व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही आणि पंपाचं तोंड लागत नाही.