वसंतात पेरलेला लसूणघास विरळ का उगवतो?

दोन वर्षं ओळीनं वसंतात लसूणघास पेरला, दोन्ही वेळा रानाला जागोजागी टक्कल पडलं, मग बियाणं खराब की हवा, असं तुम्ही विचारलंय. माझा पहिला संशय या दोघांवरही नाही. रान भुसभुशीत राहिलं असेल आणि बी खोल गेलं असेल.

घासाचं हजार बी जेमतेम २ ग्रॅम भरतं. तेवढ्याशा शिदोरीवर कोंबाला वर यायचं असतं. म्हणून बी १ ते दीड सेंटीमीटरवरच पडायला हवं, भारी जमिनीत त्याहूनही वर. मी पहिल्या खेपेला गव्हाच्या हिशेबानं पाभर चालवली, चारेक सेंटीमीटर. आठ-दहा दिवसांनी ओळ उकरून पाहिली, तर पांढरे, पिळवटलेले कोंब मातीतच संपले होते. बियाणेवाल्याला मी तोवर भरपूर शिव्या घालून झालो होतो.

दुसरं म्हणजे घट्टपणा. चांगली मशागत म्हणजे पाय रुतेल अशी मऊ माती, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. घासाला ते चालत नाही. माती पोकळ असली की वरचा थर दोन दिवसांत सुकतो आणि मोड आलेलं बी जागेवर मरतं. ढेकळं फोडा, पेरणीआधी रूळ फिरवा, मग बूट घालून चालून बघा. टाच एखाद सेंटीमीटरच्या वर रुतली तर पुन्हा रूळ. पेरल्यावरही एकदा हलका फिरवावा.

ज्या रानात घास पूर्वी कधी झाला नाही तिथे बियाण्याला घासाचंच रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू, चोळा, हरभऱ्याचं चालणार नाही. चोळलेलं बी उन्हात ठेवू नका. आम्लधर्मी जमिनीत मात्र या गाठींचं काही खरं नाही; सामू (pH) साडेसहाच्या पुढे हवा, आणि चुना टाकायचा तर पेरणीच्या बराच आधी.

वसंताच्या पेऱ्यात खरा वैरी तण. घासाचं रोप सुरुवातीला फार मंद वाढतं: दोन बीजदलं, मग एकच साधं पान, त्यानंतर कुठे त्रिदल. तेवढ्यात तण गुडघ्याला येतं. काही जण सोबत ओट पेरतात. पेरा, पण नेहमीच्या निम्म्याहून कमी बियाणं, आणि दाण्याची वाट न बघता हिरवा असतानाच कापा. दाण्याचा मोह झाला की सावलीत घास गेलाच म्हणून समजा. बियाण्यात अमरवेलीचं बी नाही ना, हेही पाहून घ्या. एकदा शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात.

पहिली कापणी उगवणीनंतर साधारण ६० ते ७० दिवसांनी, फुलं दिसू लागल्यावर. त्याआधी जनावर सोडू नका. मुळं अजून धरत असतात, ओढलं तर रोपच हातात येतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: त्या रानात आधी काय होतं? जुना घास मोडून त्याच जागी, किंवा दुसऱ्या वर्षी पहिल्या घासाच्या मोकळ्या जागांत बी टाकलं असेल, तर वरचं सगळं करूनही फळ मिळणार नाही. जुन्या झाडांतून मातीत उतरलेली द्रव्यं नव्या रोपांची मुळं खुंटवतात. तसं असेल तर यंदा तिथे मका किंवा ज्वारी घ्या आणि घासाला दुसरा तुकडा द्या.