ख्रिस्तपुराणातलं 'वैकुंठ'

मालवणहून एका वाचकाने विचारलंय: फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात, म्हणजे बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या ग्रंथात, देवबापाच्या घराला 'वैकुंठ' म्हटलेलं आढळतं. वैकुंठ तर विष्णूचं. 'स्वर्ग' हा शब्द हाताशी असताना पाद्र्याने हा का उचलला? अज्ञान, की बाटवण्यासाठी केलेली युक्ती?

अज्ञान तर नक्कीच नव्हे. जेझुइट या ख्रिस्ती संघाचा हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधली चाळीस वर्षं, बरीचशी दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, तो इथल्या लोकांत वावरला. १६१६ साली छापून आलेल्या या पुराणात जवळजवळ ११ हजार ओव्या आहेत. छपाई रोमन लिपीतली, पण ओवीचा घाट अस्सल आपला. मराठीला फुलांतली मोगरी म्हणणारा माणूस शब्द चाचपडत वापरत नाही.

आता स्वर्ग आणि वैकुंठ यांतला फरक बघा. आपल्याकडे स्वर्ग हे पुण्याच्या हिशेबाचं ठिकाण. गीता नवव्या अध्यायात सांगते, 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. पुण्याई सरली की पुन्हा खाली, जन्माच्या फेऱ्यात. वैकुंठाला गेलेला मात्र परतत नाही. वारकऱ्यांच्या घरी दिवंगत माणसाच्या नावाआधी आजही 'वै.', म्हणजे वैकुंठवासी, लिहितात, ते याच भरवशावर. ख्रिस्ती शिकवणीतलं मरणोत्तर सुख कायमचं. तिथून परत येणं नाही, आणि ते देवाच्या सहवासात. अशा कल्पनेला 'स्वर्ग' तोकडा पडला असता. स्टीफन्सने अर्थाच्या मापाचा शब्द निवडला, असं माझं मत.

युक्तीचा आरोप मात्र मी सहज झटकणार नाही. त्याच्या आगमनाआधीच साष्टीतली देवळं पाडली गेली होती, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा न्याय करणारं चर्चचं न्यायालय, बसलं होतं. जुनी पुराणं हिरावलेल्या माणसांसाठी हे नवं पुराण लिहिलं गेलं, आणि ते दुखणं त्याच्या पानांतही उमटतं. म्हणून 'देवाणघेवाण' हा गोड शब्द इथे मला जड जातो. तरी वैकुंठ हा शब्द मराठी माणसाला आतून कळत होता, हेही तितकंच खरं.

हा प्रकार एका ग्रंथापुरता नाही. वेंगुर्ल्यात आमच्या शेजारच्या वाडीत मे महिन्यात खुरसाकडे, म्हणजे क्रूसाकडे, लादीन ही सामुदायिक प्रार्थना असते. चुन्याने रंगवलेला चौथरा, त्यावर खुरीस, पुढे मेणबत्त्या. लांबून बघाल तर अंगणातलं वृंदावनच वाटेल. बायका म्हणतात, 'नमान मरिये, कुर्पेन भरलेले, सर्वेस्पर तुजे थंय आसा'. यातलं नमान म्हणजे नमन, कुर्पा म्हणजे कृपा, सर्वेस्पर म्हणजे सर्वेश्वर. मग उकडलेले चणे वाटतात.

मला यात एक गंमत दिसते. पोर्तुगीजांकडून आपण घेतलेले धर्माचे शब्द बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे: इगर्जी (चर्च), पाद्री, खुरीस, नाताळ. मनातलं सांगायची वेळ आली की शब्द इथलेच लागले. आणि ते वापरता वापरता त्यांचे अर्थही हलले. त्या प्रार्थनेतली 'कुर्पा' आणि आमच्या आजीची 'देवाची कृपा' यांचा उच्चार थोडा वेगळा, पण अर्थ वेगळे काढायला गेलं तर मला तरी जमत नाही.

पुढे मराठी बायबलात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असं आलं, कोकणी प्रार्थनेत 'सर्ग' आहे. तिथे 'स्वर्ग' शब्दाने कायमपणाचा अर्थ घेतला आहे, जो गीतेतल्या स्वर्गाला नव्हता. म्हणून ख्रिस्तपुराण वाचताना 'वैकुंठ' आलं की समासात नुसतं 'म्हणजे स्वर्ग' असं लिहून पुढे जाऊ नका. 'जिथून परत येणं नाही ते देवाचं घर' असं लिहा.